आवडाबाईंचा घास

राम कृष्ण हरी, मंडळी.

हे मी रचून सांगत नाही. यातलं घर डोंबिवली पूर्वेला मानपाड्यात आजही आहे आणि यातली माणसंही आहेत. बिल्डिंगचं नाव मुद्दाम देत नाही. उगाच कोणी बघायला जाऊन त्या लोकांना त्रास नको.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. माझी दुपारची आहे.

गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. गुरुवार. घड्याळात पावणेबारा. बाहेर लख्ख ऊन, खाली भाजीवाल्याची आरोळी...

आणि ओट्यापाशी कोणीच नव्हतं.

मी तीन हातांवर उभा होतो, म्हणून सांगतोय.

माझं नाव गुणाजी. गाव जुन्नरकडचं, राहायला टिटवाळ्याला. बावीस वर्षं झाली, घरोघर जाऊन गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. कल्याण, डोंबिवली, कधी ठाण्यापर्यंत. स्कूटरच्या डिकीत पाने, पिना, ग्रीसची डबी, पाइपचं भेंडोळं आणि साबणाच्या पाण्याची बाटली.

आणि वेड कीर्तनाचं. कुठे सप्ताह लागला कळलं की त्या बाजूची कामं घ्यायची आणि संध्याकाळी मंडपात जाऊन बसायचं. तिथे बसलो की फोन बंद. माझी बायको तुळसा म्हणते, "तुमचं लग्न माझ्याशी झालंय का त्या मृदंगाशी?"

आता जे सांगतो ते तुळसाशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आजारी पडलो. पंधरा दिवसांत उठलो. तोंडाची चव हळूहळू आली.

वास नाही आला.

अगरबत्ती, चहा, गटार... मला सगळं सारखंच.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, मी गॅसवाला! ज्याला गॅसचा वास येत नाही त्याला घरात कोण घेईल? म्हणून गप्प राहिलो. कोणाकडे गेलो की नाक वर करून दोनदा सूं सूं करायचं. मग पाना शोधल्यासारखं करून गुपचूप बाटली काढायची आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायचं. गळती असेल तिथे बुडबुडा येतोच. साबण चुकत नाही, म्हणून माझं खोटं नाक खपून गेलं.

एक दिवस सोडून.

आवडाबाई मानपाड्याच्याच. जुनं, शेतीवाडीचं घराणं. त्यांच्या शेतावर बिल्डिंग झाली तेव्हा पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट त्यांनी स्वतःला ठेवला. नातू कमलेश आणि नातसून निशा समोरच्या बिल्डिंगमध्ये. म्हातारीला एकटीलाच आवडायचं.

आमची ओळख कीर्तनातली. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसायच्या, आणि बुवांच्या आधी यांची टाळी. एक दिवस मंडपातच मला म्हणाल्या, "तू गॅसवाला ना रं? माझी शेगडी फुरफुरते. येऊन जा."

गेलो. बर्नर उघडला.

आत भात.

करपलेली शितं, तुपाने चिकटलेली. भोकं बुजलेली.

"मावशी, हे काय?"

"आग्नीचा घास," त्या म्हणाल्या. जसं काही मीच खुळा.

त्यांची रीत होती. चुलीवर करायच्या तेव्हापासूनची. सकाळचा स्वयंपाक झाला की पावणेबाराच्या सुमाराला भाताची चार शितं, वर तुपाचा थेंब, आणि चुलीत टाकायची. विस्तवाला आधी, माणसाला मग. चूल गेली, गॅस आला, रीत राहिली. पेटत्या बर्नरवर शितं टाकायच्या. चुर्र आवाज व्हायचा. मग हात जोडून म्हणायच्या, "घे बाबा."

चुलीत शितं राख होतात. बर्नरमध्ये अडकतात. भोकं बुजली की ज्योत पिवळी होते, फडफडते आणि कधी विझते. विझली आणि नॉब उघडा राहिला तर गॅस घरभर. हे मला माहीत होतं. कोणी दुसरी बाई असती तर लगेच सांगितलं असतं, समईच्या ज्योतीला दाखवा घास, शेगडीत नको.

यांना नाही सांगवलं. बुवांनी अग्नी म्हणजे देवांचं तोंड म्हटलं की मी मंडपात मान डोलवणार, आणि इथे त्या तोंडात घास नको म्हणणार? जिभेवर आलं नाही.

"घाला मावशी," मी म्हटलं. "महिन्यातून एकदा मी येऊन साफ करीन."

जात राहिलो. बर्नर साफ झाला की त्या चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "कालच्या बुवानं काय सांगितला, सांग मना." मी सगळं सांगायचो, चालीसकट. मी चुकलो की त्या हसायच्या, "तुझा गला म्हंजे फुटका टिन हाय रं!"

मग चैत्र आला.

खडवलीला सप्ताह होता. ज्या बुवांची मी तीन वर्षं वाट बघत होतो त्यांचं कीर्तन त्या संध्याकाळी. मावशींचं काम शेवटचं ठेवलेलं. बर्नर साफ करून पाने आवरत होतो.

"गुनाजी," त्या म्हणाल्या, "मना गॅसचा वास येतो रं. कालपासून."

बाटली हाताला लागली नाही. डिकीत पाहिलं तर सकाळीच संपलेली.

त्यांच्या मोरीत साबणाची वडी होती. मागितली असती तर पाच मिनिटांचं काम.

मी घड्याळ बघितलं. नाक वर केलं. सूं सूं केलं.

"काही नाही मावशी. बर्नर उघडला ना, त्याचा राहिला असेल."

"बरा," त्या म्हणाल्या. "तुना कलतं."

त्या रात्री कीर्तन फार सुंदर झालं. मी रडलो होतो.

सकाळी कमलेशचा फोन आला. आजी गेली.

स्वयंपाकघरातच जमिनीवर चटई टाकून झोपायच्या त्या. डासांमुळे खिडक्या बंद. निशा चहा घेऊन आली, दार उघडलं, तर घरात गॅस कोंडलेला. चार दिवसांपूर्वी लावलेला सिलिंडर जवळजवळ रिकामा. तिने घाबरून आधी रेग्युलेटर बंद केला, मग नॉब फिरवले. नॉब आधी उघडा होता की बंद, तिला आठवेना.

डॉक्टर म्हणाले वय झालेलं, हृदय थांबलं. लोक मात्र म्हणाले, घास. म्हातारीने शितं टाकली, शेगडी विझली, नॉब तसाच राहिला. कोणी माघारी हसलंसुद्धा. "देवाला भरवायला गेली आणि स्वतःच गेली."

मी खांदा दिला. बोललो काहीच नाही.

कारण कदाचित खरंच घासामुळे झालं असेल. असं मी स्वतःला सांगत होतो... रोज.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात फोन आला. अनोळखी नंबर.

"काका, तुमचं स्टिकर आहे आमच्या ओट्याखाली. आमचा डावा बर्नर रोज विझतो हो. दुपारी. बरोब्बर पावणेबाराला."

पत्ता ऐकला आणि हातातला पाना खाली पडला.

कमलेशने फ्लॅट भाड्याने दिला होता. समीक्षा आणि सर्वेश, तरुण जोडपं, सोबत दीड वर्षाची मुलगी रसिका. शेगडी मावशींचीच. चांगली आहे म्हणून कमलेशने ठेवून दिलेली.

नाही म्हणता आलं असतं. पण घरात लहान मूल आहे म्हणाली ती. गेलो.

स्वयंपाकघरात नवा रंग, नवे डबे. शेगडी तीच. डावा बर्नर उघडला...

आत भात.

करपलेला नाही. पांढरा, मऊ. बोटाला तूप लागलं.

आणि शितं कोमट होती.

"ताई, भात सांडला का हो?"

"आमच्याकडे दुपारी भात नसतो काका. मी पोळीभाजी करते. तूप तर सर्वेशला चालतच नाही."

"मुलगी काही टाकते का?"

"तिचा हात ओट्याला पोचतो का?"

तेवढ्यात... मला वास आला.

मंडळी, अडीच वर्षांनी मला वास आला! विस्तवावर तूपभात पडल्यावर येतो तसा, खमंग. डोळे भरून आले माझे. वाटलं, माउलीने नाक परत दिलं. भिंतीवर खोचलेली अगरबत्ती विझवून नाकाला लावली.

काही नाही.

कॉफीची बाटली मागून घेतली. काही नाही.

"ताई, तूप जळाल्यासारखा वास येतोय ना?"

तिने दोनदा श्वास घेतला. "नाही हो."

म्हणजे तो वास फक्त मलाच येत होता.

बर्नर पिनेने साफ केला, बसवला, पेटवून दाखवला. निळी ज्योत. निघताना दारात ती म्हणाली, "बाकी गॅस सेफ आहे ना काका?"

मी नाक वर केलं. सूं सूं केलं.

"सेफ आहे."

साबणाची बाटली पिशवीतच होती. पण मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं.

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा बोलावलं. मी कोरा बर्नर घेऊन गेलो. सर्वेशने अर्धी रजा टाकलेली. उंच, थट्टेखोर पोरगा, ठाण्याला कंपनीत कामाला.

"या काका. म्हटलं आज मीच बघतो लाइव्ह. मला विचाराल तर उंदीर आहे."

"उंदीर भाताला तूप लावतो का रे?" समीक्षा आतून ओरडली.

"डोंबिवलीचा उंदीर आहे बाई, त्याचं स्टँडर्ड असतं."

आम्ही तिघंही हसलो. मी नवा बर्नर बसवला. पेटवला. वर भांडं नाही, काही नाही. ज्योत निळी, सरळ, एकसारखी. आम्ही तिघं तीन हात लांब उभे राहिलो. रसिका दाराशी जमिनीवर बसून वाटी वाजवत होती.

अकरा चव्वेचाळीस.

रसिकाचं वाजवणं थांबलं.

बघतो तर पोरगी ओट्याकडे तोंड करून बसलेली. मान वर. आणि तोंड उघडलेलं... आपण घास भरवताना मूल करतं ना, तसा मोठा आ.

"रसू?" समीक्षा म्हणाली.

आणि ओट्यावरून आवाज आला...

चुर्र.

ज्योतीचा एक कोपरा पिवळा झाला. मग दुसरा. फडफडली... आणि विझली.

सर्वेशने धावत जाऊन नॉब बंद केला. बर्नरवर चार शितं होती. वाफ निघत होती त्यांतून.

मला तो वास आला. इतका, की घशात उतरला.

सर्वेशने एक शीत बोटाने दाबून बघितलं. मग हळूच म्हणाला, "काका... इथे आधी कोण राहायचं?"

मी सांगितलं. घासाचं सांगितलं. म्हातारी चांगली होती, तिने कोणाचं वाईट केलं नाही, हेही सांगितलं.

माझ्या सूं सूंचं नाही सांगितलं.

"तो बर्नर वापरूच नका," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात दुसरी शेगडी आणून देतो." पाने पिशवीत कोंबले. त्या दिवशीही साबण लावला नाही. डोक्यात एकच होतं, घास... घास... म्हातारीचा घास. बाकी शेगडीकडे बघायचं भानच राहिलं नाही.

आता तिसरा गुरुवार.

मानपाड्यातच, त्यांच्या बिल्डिंगपासून तीन गल्ल्या सोडून एका देवळात सप्ताह होता आणि त्या दिवशी काला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काल्याचं कीर्तन सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी असतं, सकाळी दहा ते बारा. शेवटी दहीहंडी फुटते, प्रसाद होतो, आणि तोवर उठायचं नसतं. मी उभ्या आयुष्यात काल्यातून उठलो नव्हतो.

फोन बंद. बुवा रंगात आलेले. गोपाळांच्या शिदोऱ्या सुटत होत्या आणि लोक हसत होते.

मला वास आला...

तूपभात. जळका.

शेजारी उत्तम बसलेला, आमच्यातला टाळकरी. त्याच्या कानाला लागलो. "प्रसादाचा भात लागला का रे?"

"अजून तांदूळ धुतायत मागे," तो म्हणाला. "भूक लागली वाटतं भाऊंना."

वास वाढला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी डावीकडे मान केली, कमी झाला. मंडपाच्या दाराकडे केली...

वाढला.

घड्याळात अकरा चाळीस. हंडी वर बांधलेली. बुवांनी हात वर केलेले.

मी उठलो.

मागच्या लोकांनी धोतराला धरून बसवायचा प्रयत्न केला. "अहो, काला आहे, बसा!" कसाबसा बाहेर पडलो. फोन चालू करून समीक्षाला लावला. रिंग गेली... गेली... थांबली.

पुन्हा लावायच्या आधी हात थांबला. बर्नर विझून गॅस कोंडला असेल तर? गॅसच्या घरात फोन वाजवायचा नसतो.

धावत सुटलो. चोपन्नाव्या वर्षी, अनवाणी. चपला मंडपातच राहिल्या. जिना चढून दारापाशी आलो. इतर वेळी आत टीव्हीवर कार्टून ओरडत असतं.

आज काहीच आवाज नव्हता.

बोट बेलकडे गेलं... आणि मी ते दुसऱ्या हाताने धरून मागे ओढलं. बेलमध्ये ठिणगी असते. आत गॅस असेल तर तेवढी पुरते. आणि आहे की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता. माझ्या नाकात फक्त तूपभात होता.

मुठीने दार बडवलं. "ताई! समीक्षाताई!"

किती वेळ गेला सांगता येत नाही. दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे अर्धवट मिटलेले.

"काका... डोकं खूप दुखतंय, जरा पडलेले..."

खोलीत पडदे ओढलेले, अंधार. आणि सवयीने तिचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

मी मनगट पकडलं. जोरात. तिच्या बांगडीचा वळ दुसऱ्या दिवशीही होता म्हणे.

"बटण नको! कशालाच हात लावू नका!"

बाहेरची हवा लागली तशी ती शुद्धीवर आली. तिने आत तोंड वळवलं आणि किंचाळली, "वास येतोय... काका, गॅस! रसू आत आहे!"

गॅस जड असतो, खाली बसतो. रसिका आतल्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर होती. मी श्वास धरून आत गेलो, तिला उचललं, आईच्या हातात दिलं. "जिन्याने खाली. लिफ्ट नको. खालच्या मीटरपेटीतून तुमच्या घराचा लाइटचा मेन बंद करायला सांगा कोणाला." मग रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. फ्रिज शांत उभा होता. माझं लक्ष त्याच्याकडेच. तो मध्येच घरघरला असता तर हे सांगायला मी नसतो.

खाली आलो तेव्हा पोरगी रडत होती. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलं नाही.

डॉक्टरांनी दोघींना तपासलं. काही झालेलं नव्हतं.

तासाभराने घर मोकळं झालं. समीक्षा दाराच्या बाहेर उभी, मूल कडेवर. मी शेगडीसमोर बसलो.

डावा बर्नर उघडला.

स्वच्छ. एक शीत नाही.

नॉब बघितले. दोन्ही बंद.

"मी बंद केलेले काका," ती म्हणाली. "दूध उतरवलं आणि बंद केले. मला पक्कं आठवतंय."

मधल्या वेळात देवळापाशी जाऊन स्कूटर आणली होती. त्या दिवशी बाटली काढताना मी लपवली नाही. रेग्युलेटर उघडला. पाइपच्या दोन्ही टोकांना साबण लावला. काही नाही. मग डाव्या नॉबच्या दांड्यापाशी, पत्र्याच्या आत, जिथे गॅस उघडबंद करणारा कॉक असतो तिथे लावला.

बुडबुडा आला.

फुगला... फुटला... दुसरा आला. नॉब बंद, आणि गॅस बाहेर.

कॉक आतून झिजलेला होता. ही एका आठवड्याची झीज नव्हती. दोन वर्षं तरी जुनी. कधी जास्त गळत असेल, कधी कमी.

रेग्युलेटर बंद करून मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. मावशी चटई टाकायच्या त्याच जागी. त्यांनी त्या रात्री नॉब बंद केला होता. त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्या घासाने काही झालं नव्हतं. त्यांना वास येत होता आणि त्यांनी मला सांगितलं होतं.

"काका," समीक्षा म्हणाली, "मागच्या दोन वेळा तुम्हाला हा वास नाही आला?"

मी सांगितलं. सगळं. करोना, नाक, खडवली, साबणाची वडी.

ती ओरडली नाही. तिने रसिकाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. माझ्यापासून लांबच्या.

"मग आज कसं कळलं?" तिने विचारलं.

तेही सांगितलं. तिने विश्वास ठेवला की नाही, ठाऊक नाही.

ती शेगडी मी उचलून नेली. भंगारात दिली तर कोणीतरी पुन्हा बसवेल, म्हणून आधी दोन्ही कॉक काढून हातोडीने ठेचले. सर्वेशने त्याच संध्याकाळी नवी आणली. त्या घरात पुन्हा शितं दिसली नाहीत. ते लोक अजून तिथेच राहतात. मला मात्र पुन्हा कधी बोलावलं नाही. बरोबरच आहे त्यांचं.

रविवारी कमलेशकडे गेलो. तुळसा म्हणाली, "मी येते बरोबर." मी नको म्हटलं.

कमलेश सोफ्यावर बसलेला. मी समोर उभ्यानेच सांगितलं.  झाल्यावर त्याने विचारलं, "आजी तुम्हाला बोललेली? वास येतो म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही?"

मी सांगितलं, मी काय म्हणालो ते.

तो उठून आत गेला.

मी उभाच. दहा मिनिटं, वीस मिनिटं. भिंतीवर मावशींचा फोटो, हार ताजा. मला वाटलं, आता तो वास येईल... वाट बघत राहिलो. आला नाही.

मग निशा बाहेर आली. डोळे लाल.

"दोन वर्षं मी सगळ्यांना सांगितलं, आजी नॉब विसरली," ती म्हणाली. "दिराला, नणदेला, भावकीला. माझ्याच तोंडाने. आता तुम्ही त्यांना सांगाल. एकेकाच्या घरी जाऊन."

"सांगेन," मी म्हटलं.

"आणि आमची शेगडी बघून जा." तिने मोरीतून साबण आणून हातावर ठेवला. "नाक नको. हे लावून."

मी वाकलो. साबण पाण्यात फेटला. पाइप, जोड, दोन्ही कॉक. तेव्हा कमलेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. काही नव्हतं. फेस तसाच बसून राहिला. मी फडक्याने पुसायला गेलो तर तो म्हणाला, "राहू दे."

आणि माझ्या शेजारी उकिडवा बसून, फेस वाळेपर्यंत बघत राहिला.

भावकीत सात घरं आहेत. पाच झाली. एका घरात चहा मिळाला, एका घरातून बाहेर काढलं, बाकीच्यांनी नुसतं ऐकून घेतलं.

आता मी गिऱ्हाइकाच्या दारातच सांगतो, मला वास येत नाही, तुम्ही घ्या, मी साबण लावतो. काही जण दार लावतात. काही आत घेतात. कीर्तनाला जातो, पण फोन चालू ठेवतो आणि मागे, दारापाशी बसतो.

तुम्हीही एक करा. नाकाच्या भरवशावर राहू नका. साबणाचं पाणी महिन्यातून एकदा लावा, आणि घरातलं म्हातारं माणूस वास येतो म्हणालं तर लगेच उठा.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही. बुवांना विचारली, त्यांनी नुसते हात जोडले.

मावशींनी त्या दिवशी मला कशासाठी उठवलं... ते लेकरू वाचावं म्हणून, की तो बुडबुडा मी स्वतःच्या डोळ्यांनी बघावा म्हणून?

पहिलं असेल तर त्यांनी मला माफ केलंय.

दुसरं असेल तर...

अजून दोन घरं राहिली आहेत. पुढच्या रविवारी जाणार आहे.